वाइनच्या पिंपापासून पाण्याच्या पेल्यापर्यंत

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून ज्युरा नावाचा डोंगराळ भाग आहे. त्यात आर्ब्वा हे एक लहानसे गाव. गावातून नदी वाहते आणि भोवतालच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. इथली फिकट सोनेरी, आंबटसर पांढरी वाइन पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. १८५९ च्या सप्टेंबर महिन्यात या गावात आजोबांच्या घरी सुट्टीला आलेली नऊ वर्षांची एक मुलगी विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने गेली. तिचे नाव जान. तिचे वडील पॅरिसमध्ये रसायनशास्त्राचे संशोधक होते. त्यांचे नाव लुई पाश्चर.

टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या वेळी तो कशामुळे होतो यावर डॉक्टरांचे एकमत नव्हते आणि त्याचा जिवाणू सापडायला आणखी एकवीस वर्षे जायची होती. जिथे तळघरे वाइनने भरलेली असत, पण पिण्याच्या पाण्याची खात्री देता येत नसे, अशा काळात पाश्चर जगले. वाइनवर त्यांनी केलेले काम आणि वाइनबद्दलचे त्यांचे मत समजून घ्यायचे असेल, तर आधी हे लक्षात घ्यावे लागते.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी डोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढून आलेले. पुढे त्यांनी कातडी कमावण्याचा व्यवसाय केला. लुई लहान असतानाच कुटुंब आर्ब्वाला आले आणि नदीकाठच्या घरातच वडिलांचा कारखाना सुरू झाला. लुई अभ्यासात फार चमकणारा मुलगा नव्हता. त्याला चित्रकलेचा नाद होता. आईवडिलांची आणि गावकऱ्यांची त्याने रंगीत खडूंनी काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. समोरची वस्तू बारकाईने पाहायची ही सवय त्याला बहुधा तिथेच लागली. १८४३ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत त्याला प्रवेश मिळाला आणि चित्रकार होऊ शकला असता असा मुलगा रसायनशास्त्रज्ञ झाला.

त्यांचा पहिला मोठा शोधही वाइनच्याच पिंपातून आला. वाइन मुरत असताना पिंपाच्या आतल्या बाजूला कडक खडे जमतात. हे टार्टारिक आम्लाचे क्षार. पांढऱ्या वाइनची बाटली फार थंड केली, तर तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसतात, तेही हेच. ते निरुपद्रवी असतात. हेच आम्ल आपल्या स्वयंपाकघरातही रोज वापरले जाते, कारण चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा असतो. द्राक्षाचा आणि चिंचेचा आंबटपणा असा एकाच घराण्यातला आहे.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. वाइनमधले टार्टारिक आम्ल पाण्यात विरघळवून त्यातून विशिष्ट प्रकाश सोडला, तर तो एका बाजूला वळतो. पण कारखान्यात सापडलेले, घटकांनी अगदी तसेच असलेले दुसरे एक आम्ल प्रकाशाला मुळीच वळवत नाही. १८४८ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, पाश्चर यांनी त्या दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात दोन प्रकारचे स्फटिक मिसळलेले होते. डावा आणि उजवा हात जसे सारखे असूनही एकमेकांवर बसत नाहीत, तसे ते होते. त्यांनी चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. एका ढिगाचे द्रावण प्रकाश डावीकडे वळवत होते, दुसऱ्याचे उजवीकडे. दोन्ही मिसळले की परिणाम शून्य. वृद्ध शास्त्रज्ञ ब्यो यांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी तरुण पाश्चरकडून स्वतःसमोर हा प्रयोग पुन्हा करवून घेतला आणि मग त्यांचे कायमचे पाठीराखे झाले. सर्दी आणि ॲलर्जीसाठी दिल्या जाणाऱ्या लेव्होसेटिरिझिनच्या गोळीच्या नावातला लेव्हो हा भाग याच डाव्या-उजव्या भेदातून आला आहे.

पुढल्या वर्षी स्ट्रासबर्गला प्राध्यापक असताना त्यांचा मारी लॉरां यांच्याशी विवाह झाला. मारी नवऱ्याच्या नोंदी उतरवून घेत, पत्रे लिहीत, प्रयोगांवर चर्चा करीत. १८५४ मध्ये पाश्चर लील या औद्योगिक शहरातल्या विद्यापीठात गेले. तिथे बिटाच्या रसापासून मद्यार्क तयार करणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे नासू लागली होती. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन बसले. चांगल्या पिंपात गोलसर यीस्टपेशी दिसत, नासलेल्या पिंपात त्याहून बारीक, काडीसारखे जीव दिसत. आंबण्याची क्रिया ही केवळ रासायनिक झीज आहे, असे तेव्हाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ मानत. ते जिवंत पेशींचे काम आहे आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे वेगळा सूक्ष्मजीव असतो, असे पाश्चर यांनी दाखवले. १८५७ मध्ये ते पॅरिसला परतले आणि एकोल नॉर्मालच्या माळ्यावरच्या अडचणीच्या खोलीत काम करू लागले. दोनच वर्षांनी आर्ब्वाला जान गेली.

१८६० मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात व्यापार करार झाला आणि फ्रेंच वाइनवरची इंग्लंडमधली जकात घटली. निर्यात वाढण्याची संधी आली, पण प्रवासात वाइन नासण्याच्या तक्रारीही वाढल्या. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चर यांना वाइनच्या या रोगांचा अभ्यास करायला सांगितले. पाश्चर यांनी त्यासाठी आपले आर्ब्वा निवडले. पुढची काही वर्षे सुट्टीच्या दिवसांत विद्यार्थ्यांना घेऊन ते तिथे जात. गावातल्या एका जुन्या कॉफीगृहाच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली गेली. उपकरणे गावच्या सुताराने आणि पत्रेवाल्याने ठोकून दिली. नमुने बालमित्रांच्या तळघरांतून आले.

रोग अनेक होते. कुठे वाइनचा व्हिनेगर होई, कुठे ती गढूळ होऊन बेचव लागे, कुठे जुनी लाल वाइन कडू होई. पांढऱ्या वाइनचा खास रोग वेगळाच. ती तेलासारखी बुळबुळीत होई आणि पेल्यात ओतताना तिला तार सुटे. आपल्याकडे उन्हाळ्यात शिळ्या भाताला तार सुटते, तसाच हा प्रकार. काही जिवाणू साखरेपासून चिकट पदार्थ तयार करतात, त्याचा हा परिणाम.

हा रोग पांढऱ्या वाइनलाच का जडे, याचे उत्तर ती बनवण्याच्या पद्धतीत आहे. लाल वाइन आंबताना द्राक्षाची साले आणि बिया रसातच असतात. त्यांतून तुरट टॅनिन वाइनमध्ये उतरते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच सालांपासून वेगळा करतात. त्यामुळे तिच्यात टॅनिन फार थोडे असते. टॅनिन या जिवाणूंना काही प्रमाणात आवरून धरते, ते नसल्याने पांढरी वाइन अधिक नाजूक.

गंमत अशी की याच कारणाने ती काही पदार्थांबरोबर चांगली जुळते. माशाबरोबर टॅनिनची लाल वाइन घेतली, तर तोंडात धातूसारखी, उग्र चव येते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की काही वाइनमधले लोह समुद्री खाद्यातल्या मेदाशी मिळून हा माशाचा उग्र वास वाढवते. ताज्या पांढऱ्या वाइनमध्ये टॅनिन कमी आणि आंबटपणा भरपूर. तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळले किंवा बांगड्याच्या कालवणात कोकम टाकले की जे होते, तेच काम हा आंबटपणा करतो. तो माशाचा हिंवसपणा कमी करतो आणि जिभेवरचा तेलकटपणा कापतो. म्हणून फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर मस्कादे नावाची हलकी पांढरी वाइन कालवांबरोबर घेतात, शाब्लीची वाइनही कालवांशी जोडली जाते, तर ज्युराच्या डोंगरात पांढरी वाइन नदीतल्या ट्राउट माशाबरोबर, साईत शिजवलेल्या कोंबडीबरोबर आणि कॉन्ते नावाच्या चीजबरोबर येते. ती थंड पाजतात, कारण गारव्यात आंबटपणा तरतरीत लागतो आणि मद्यार्काचा उग्रपणा दबतो. बहुतेक हलक्या पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात. त्यांचा सगळा गुण ताजेपणात, आणि पाश्चर यांच्या काळात तोच टिकवणे अवघड होते.

पाश्चर यांनी पिंपातल्या गाळाचे थेंब एकामागून एक तपासले. पुढे पुढे गाळ पाहूनच त्या वाइनची चव काय असेल, हे त्यांना सांगता येऊ लागले. रोग ओळखता आला, आता उपाय हवा होता. त्यांनी आधी काही रसायने घालून पाहिली, ती जमली नाहीत. मग उष्णता वापरली. बंद बाटलीतली वाइन ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत थोडा वेळ तापवली, की रोगाचे जिवाणू मरत. उकळण्याची गरज नव्हती, त्यामुळे वाइनची चवही फारशी बिघडत नसे. १८६५ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले आणि नंतर ते सर्वांसाठी खुले केले. वाइन तापवून टिकवण्याचा प्रयोग निकोला आपेर या फ्रेंच माणसाने आधी केला होता. त्याचे श्रेय पाश्चर यांनी नाकारले नाही. ती का टिकते, याचा खुलासा मात्र पाश्चर यांचा.

तापवलेल्या वाइनची चव बिघडते, असा आक्षेप येणारच होता. पॅरिसच्या वाइन व्यापाऱ्यांमधल्या जाणकारांपुढे तापवलेले आणि न तापवलेले नमुने ठेवले गेले. त्यांना फरक जेमतेम जाणवला. मनाचा भाग किती, हे पाहण्यासाठी पाश्चर यांनी एकदा त्यांच्यापुढे एकाच बाटलीतले दोन पेले ठेवले. जाणकारांनी त्यातही डावे-उजवे केले. कोणते औषध खरे आणि कोणते खोटे हे रुग्णाला न सांगता केल्या जाणाऱ्या आजच्या चाचण्यांमागची शंका हीच असते. १८६८ मध्ये आणखी कठीण परीक्षा झाली. जाँ बार या नौदलाच्या जहाजावर तापवलेली आणि न तापवलेली वाइन चढवली गेली. दहा महिन्यांच्या सफरीनंतर जहाज ब्रेस्ट बंदरात परतले, तेव्हा तापवलेली वाइन उत्तम होती आणि दुसरी आंबट होऊन बिघडायच्या वाटेवर होती.

या यशाच्या वर्षांत घरात मात्र एकामागून एक मृत्यू होत होते. जून १८६५ मध्ये वडील गेले. सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामीय यकृताच्या गाठीने गेली. वाइनवरचा पाश्चर यांचा ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात बारा वर्षांची सेसील गेली, थोरल्या बहिणीसारखीच टायफॉइडने. पाच अपत्यांपैकी तीन मुली बालपणीच गेल्या. वाइनच्या पिंपातला जिवाणू ज्याला दिसत होता, त्याला आपल्या मुलींचा जीव घेणारा जिवाणू दिसू शकला नाही. ऑक्टोबर १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डाव्या हातात आणि पायात कायमचा अधूपणा राहिला. काम थांबले नाही.

१८७४ मध्ये त्यांनी आर्ब्वाजवळ एक लहान द्राक्षमळा घेतला. १८७८ मध्ये प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार वारले. त्यांच्या मागे सापडलेल्या टिपणांत म्हटले होते की यीस्टशिवायही रस आपोआप आंबू शकतो. बेर्नार हे पाश्चर यांचे मित्र होते. पाश्चर यांनी वाद घालण्यापूर्वी आपल्या मळ्यातल्या काही वेलींवर काचघरे उभारली. द्राक्षे कच्ची होती, त्या वेळी त्यांच्या सालीवर यीस्ट आलेले नव्हते. काही घड निर्जंतुक कापसात गुंडाळले. ऑक्टोबरमध्ये उघड्या वेलींवरची द्राक्षे चिरडली, ती एक-दोन दिवसांत आंबली. काचघरातली आणि कापसातली द्राक्षे आंबली नाहीत. बाहेरून जीव आत येऊ दिला नाही, तर रस नासतही नाही आणि त्याची वाइनही होत नाही. हाच विचार शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचला होता. स्कॉटलंडमध्ये जोसेफ लिस्टर यांनी पाश्चर यांचे काम वाचून जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत सुरू केली होती.

पुढचा इतिहास परिचयाचा आहे. १८८१ मध्ये मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लशीचा जाहीर प्रयोग झाला. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लशीचा पहिला डोस दिला गेला आणि तो वाचला. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे काम केलेले वाल्देमार हाफकिन पुढे भारतात आले आणि मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. त्याआधीच, २८ सप्टेंबर १८९५ रोजी, पाश्चर यांचे निधन झाले होते.

वाइनसाठी शोधलेली सौम्य उष्णतेची युक्ती दुधाला लावण्याची सूचना १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ झोक्सलेट यांनी केली. क्षयासारखे आजार दुधातून मुलांपर्यंत पोहोचत, ते त्यामुळे अडवता आले. आज डेअरीत दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. पिशवीवर पाश्चराइज्ड असे छापलेले असते ते यासाठी. चांगल्या वाइनसाठी मात्र आता ही पद्धत फारशी वापरत नाहीत. स्वच्छ टाक्या, थंडावा, बारीक गाळणी आणि सल्फाइट यांवर ताजी पांढरी वाइन टिकते. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

राहिला प्रश्न पाश्चर यांच्या मताचा. वाइन हे सर्व पेयांत आरोग्याला सर्वात हितकारक आहे, असे त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. वाइनचे व्यापारी आणि शौकीन हे मत आजही अभिमानाने पुढे करतात. १८६६ च्या फ्रान्समध्ये ते अगदीच निराधार नव्हते. विहिरीचे आणि नदीचे पाणी टायफॉइड देत होते, कॉलऱ्याच्या साथी येत होत्या, कच्च्या दुधाचा भरवसा नव्हता. आंबट आणि मद्यार्क असलेल्या वाइनमध्ये असे रोगजंतू सहसा तग धरत नाहीत. दूषित पाणी आणि वाइन यांच्यात निवड असेल, तर वाइन सुरक्षित ठरणारच.

पण तुलना बदलली. क्लोरीन घातलेले पाणी, पाश्चराइज्ड दूध, टायफॉइडची लस आणि प्रतिजैविके ही सगळी जंतुशास्त्राची फळे, आणि त्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत पाश्चर अग्रभागी होते. स्वच्छ पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवला, तर वाइनचा पेला आरोग्यदायी ठरत नाही. १२ टक्के मद्यार्काच्या १५० मिलिलिटर पांढऱ्या वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. रंग फिका आणि चव ताजी असली, तरी यकृताला तो लाल वाइनइतकाच मोजावा लागतो. मद्यपेयांना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ मध्येच टाकले गेले आहे. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, झोपेची औषधे किंवा मेट्रोनिडाझोल घेणारे यांनी तर तिच्यापासून दूरच राहावे. जो कोणी घेतो, त्याने ती जेवणाची चव म्हणून, थोडी आणि जेवणासोबत घ्यावी, औषध म्हणून घेऊ नये. जो घेत नाही, त्याने आरोग्यासाठी सुरू करावी असे काहीही तिच्यात नाही. माशावर लिंबू पिळूनही तेच साधते.

आर्ब्वाचे ते नदीकाठचे घर आज संग्रहालय आहे. पाश्चर यांची तिथली प्रयोगशाळा पाहायला मिळते आणि त्यांच्या मळ्यात अजून द्राक्षे पिकतात. गावात पांढरी वाइन आजही विकली जाते. तिथे सुट्टीला येणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला आता नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते.